‘उचल’ ही संकल्पना का नाही?

राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात पीएच.डी.च्या प्रबंधांचं कपाट असतं. त्यातल्या राज्यशास्त्राच्या ओळीसमोर उभं राहून नुसत्या पाठीवरच्या अक्षरांवरून नजर फिरवावी. अमुक तालुक्यातील अनुसूचित जातींचा राजकीय सहभाग : एक अभ्यास. तमुक जिल्हा परिषदेतील महिला सदस्यांची भूमिका : एक चिकित्सक अध्ययन. विशेष संदर्भ अमका जिल्हा, कालखंड या सालापासून त्या सालापर्यंत. तालुका बदलतो, कालखंड पुढे सरकतो, शीर्षकाचा साचा तोच राहतो.

या प्रबंधांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो आणि यातले काही प्रबंध कसे उभे राहिले ते मी जवळून पाहिलं आहे. घरातला पहिला पदवीधर असलेला मुलगा एसटीने गावोगाव फिरतो, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून दोनशे प्रश्नावल्या भरून घेतो, रात्री तक्ते करतो. त्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. मला टोचतं ते निराळं. सामाजिक न्यायावरच्या या कपाटभर लेखनात ‘न्याय म्हणजे काय’ हा प्रश्न जवळजवळ कुणीच स्वतः विचारलेला नसतो. दुसऱ्या प्रकरणात ‘सैद्धांतिक पार्श्वभूमी’ येते, ती ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोपासून निघून विसाव्या शतकातल्या अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सपर्यंत पोचते आणि थांबते. तिसऱ्या प्रकरणापासून तालुका सुरू होतो. प्लेटो आणि तालुका यांची पुढे कधीच गाठ पडत नाही.

विचार आधीच कुणीतरी, कुठेतरी करून ठेवला आहे आणि आपण फक्त आकडे भरायचे, ही समजूत आपल्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली आहे. ती कुणी पाडली, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

डिसेंबर २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांचा एक निबंध आला. भारतातली सामाजिकशास्त्रं कितपत समतावादी आहेत, असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला होता. उत्तर झोंबणारं होतं. जात मोडायला निघालेल्या या ज्ञानशाखांच्या आतच एक वर्णव्यवस्था आहे, असं त्यांनी म्हटलं. वर सिद्धांत मांडणारे ब्राह्मण, खाली तपशील गोळा करणारे शूद्र. दलित अभ्यासकाला प्रवेश मिळतो तो या खालच्या मजल्यावर. त्याने वस्तीत जावं, माहिती आणावी. त्या माहितीचा अर्थ काय, हे दुसरे ठरवतील. आणि दुखरी गोष्ट अशी की, दलित अभ्यासकांनीही ही वाटणी पुष्कळदा निमूट मान्य केली, सिद्धांत हे आपलं काम नव्हे असं मानलं, असं गुरू यांनी कुणाचीही भीड न बाळगता लिहिलं.

गोपाळ गुरू महाराष्ट्रातले. पुणे विद्यापीठात, दिल्ली विद्यापीठात आणि पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या राज्यशास्त्र केंद्रात त्यांनी शिकवलं. २०१८ पासून काही वर्षं ते त्याच साप्ताहिकाचे संपादक होते. १९९५ मध्ये त्यांनी दलित स्त्रिया वेगळं का बोलतात यावर टिपण लिहिलं आणि स्त्रीवादी वर्तुळात त्यावर पुढची कित्येक वर्षं वाद झाला. २००९ मध्ये त्यांनी अपमान या एकाच विषयावर निबंधसंग्रह संपादित केला. तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांच्याबरोबर अनुभव आणि सिद्धांत यांच्या नात्यावर त्यांनी २०१२ मध्ये एक पुस्तक लिहिलं, २०१९ मध्ये दुसरं. हा सगळा प्रवास एका सिद्धांतकाराचा आहे. तरीही व्यासपीठावर त्यांची ओळख करून देताना निवेदक हमखास ‘दलित विचारवंत’ म्हणतो. वरच्या जातीतल्या प्राध्यापकाची ओळख करून देताना त्याची जात सांगायची गरज कुणाला वाटत नाही. एकाची पार्श्वभूमी त्याच्या नावाला विशेषणासारखी चिकटते, दुसऱ्याची अदृश्य होते आणि तिलाच वस्तुनिष्ठता असं नाव मिळतं.

अपमानाचाच विषय घ्या. सरकारी भाषेत सामाजिक न्याय म्हणजे योजना: घरकुल, शिष्यवृत्ती, वसतिगृह, कर्ज. या गोष्टी हव्यातच, त्यांच्यावर जगणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. पण गरिबी आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरिबी पैशाने कमी होते. गावात पक्कं घर बांधलं, दारात मोटारसायकल आली, मुलगा घोड्यावरून वरातीत निघाला की काही ठिकाणी मार पडतो. तिथे पैसा वाढल्यामुळेच अपमान वाढतो. न्यायाची जी कल्पना फक्त वाटपाचा हिशेब करते, तिला हा मार दिसत नाही. हे दिसायला अपमान हा राजकीय सिद्धांताचा विषय करावा लागतो, आणि तो कुणी केला हे पाहिलं की प्राध्यापकाची पार्श्वभूमी संशोधनात नेमकी कशी उतरते ते कळतं. ती उत्तर देत नाही, ती प्रश्न दाखवते. ज्याला पाण्यासाठी कधी थांबावं लागलं नाही, त्याला पाणी हा राजकीय सिद्धांताचा प्रश्न आहे हे सुचायला फार वेळ लागतो.

पाण्याचं नाव काढलं की मुंबईचं सिडनहॅम कॉलेज आठवतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९२० च्या मार्चपर्यंत त्यांनी तिथे शिकवलं. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हा प्रसंग आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, बहुतेक वेळा नुसती हळहळ व्यक्त करण्यासाठी. मला त्याच्या आधीचं एक वर्ष महत्त्वाचं वाटतं. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये तिथे गेले होते. त्या निबंधात त्यांनी सर्वेक्षण केलेलं नाही. जात म्हणजे दारं लावून घेतलेला वर्ग, आणि ती दारं लावायची कडी म्हणजे जातीतच लग्न, अशी संकल्पना त्यांनी मांडली. स्त्रीवरचं नियंत्रण आणि जातीचं टिकणं यांचा धागा त्यांनी तिथेच जोडला. पुढे ‘श्रेणीबद्ध विषमता’ हा त्यांचा विचार आला: नुसत्या विषमतेत खालचे सगळे एक होऊ शकतात; पायऱ्यापायऱ्यांच्या विषमतेत प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी असल्याचं समाधान मिळतं, म्हणून बंड होत नाही. महाराष्ट्रात आज आरक्षणावरून एक वंचित समाज दुसऱ्या वंचित समाजासमोर उभा राहतो, तेव्हा तो विचार किती खोल गेला होता ते उमगतं.

आता कल्पना करा की १९१६ मध्ये त्या तरुणाला मार्गदर्शकाने सांगितलं असतं, ‘तू त्याच समाजातला आहेस, तुझ्या जिल्ह्यातल्या वस्त्यांची माहिती गोळा कर, सिद्धांताचं आम्ही बघू.’ आपण आपल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी हेच सांगतो आहोत.

मराठी समाजाने मात्र आणखी एक वाट काढून दिली, तिच्याबद्दलही बोललं पाहिजे. १९६० नंतर दलित साहित्याने मराठी भाषा हलवून टाकली. कविता आली, आत्मकथनं आली, १९७२ मध्ये दलित पँथर आली. मराठी वाचकाने त्या लेखनाला डोक्यावर घेतलं, पुरस्कार दिले, अभ्यासक्रमात लावलं. पण या स्वागतात एक अलिखित करार होता: अनुभव तुमचा, अर्थ आमचा. तुम्ही लिहा, आम्ही हेलावून जाऊ आणि समीक्षा लिहू. गुरू यांनी २००२ च्या त्या निबंधात कवितेबद्दल लिहिलं आहे. कविता रूपकांतून जोडते, भिडते. पण ती सिद्धांताची जागा भरून काढू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य मी वर्गात वाचलं की कवितेवर प्रेम करणारे विद्यार्थी दुखावतात. मीही पहिल्यांदा दुखावलो होतो. मराठी दलित कवितेत विचार नाही असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. तरीही गुरू यांचा मुद्दा मला टाळता येत नाही. कवितेला आक्षेपांना उत्तर द्यावं लागत नाही. सिद्धांताला द्यावं लागतं. न्यायालयात, आयोगापुढे, धोरणाच्या मसुद्यात जी लढाई होते ती व्याख्यांची असते, आणि तिथे आपला माणूस फक्त साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर व्याख्या दुसरेच करतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका मुलीने पीएच.डी.साठी आराखडा लिहिला. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीच्या सुमारास गाव रिकामं होतं, माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात, मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहतात. तिला ‘उचल’ या एका शब्दावर प्रबंध लिहायचा होता.

ज्यांना हा व्यवहार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हंगामाच्या आधी मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा माणूस, मजुराला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. मग सहा महिने ऊस तोडून, टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे जावं लागतं. नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. करार कोयत्याशी होतो, दोन माणसांशी होत नाही, आणि रक्कम बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. एकटा मजूर असला तर तो ‘अर्धा कोयता’. एखादा दिवस काम चुकलं तर ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड.

तिच्या आराखड्यातला प्रश्न असा होता: उदारमतवादी विचारात करार हा दोन स्वतंत्र व्यक्तींमध्ये होतो. इथे कराराचा एक पक्ष व्यक्तीच नाही, ती जोडी आहे आणि तिला अवजाराचं नाव आहे. मग इथे संमती कुणाची? बाईने कधी ‘हो’ म्हटलं? आजारपणातला खाडा जर दंडाला पात्र असेल, तर तिचं शरीर कराराच्या आत आहे की बाहेर? तिने लिहिलं होतं की, तिची आई आजारी पडली त्या हंगामात तिचे वडील अर्धे झाले. हे वाक्य तिने भावना चाळवायला लिहिलं नव्हतं. पुढच्याच ओळीत तिने विचारलं होतं: ज्या व्यवस्थेत माणूस अर्धा होऊ शकतो, तिथे ‘एक व्यक्ती, एक मूल्य’ या तत्त्वाचा अर्थ काय लावायचा?

मी तीस वर्षांत वाचलेला हा सगळ्यात चांगला आराखडा होता. समितीपुढे तो गेला तेव्हा मी मार्गदर्शक म्हणून तिथे बसलो होतो. सदस्यांनी कौतुक केलं आणि मग विचारलं: गृहीतकं कुठे आहेत? नमुना किती? उचल ही संकल्पना कुठल्या ग्रंथात आहे? विषय बदलून घ्या, ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या, विशेष संदर्भ अमुक तालुका’ असा करा, तीनशे उत्तरदाते घ्या. तू त्या समाजातली आहेस, तुला माहिती सहज मिळेल, असंही एक जण म्हणाले, आणि ते मनापासून, मदत म्हणून म्हणाले. मी काही बोललो नाही. तिची अधिछात्रवृत्ती, म्हणजे संशोधनासाठी मिळणारी शिष्यवृत्ती, अडकेल, वर्ष वाया जाईल, असा विचार करून मी गप्प बसलो. तिने विषय बदलला. तीनशे प्रश्नावल्या भरल्या. पदवी मिळाली. उचलीवरची बारा पानं तिच्याकडे तशीच आहेत.

उचल ही संकल्पना कुठल्या ग्रंथात आहे, या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा द्यायला हवं होतं. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धांच्या, बांधकाम मजुरांच्या खटल्यात घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाचा अर्थ लावला. सक्तीची मजुरी म्हणजे फक्त चाबकाखालची मजुरी नव्हे. उपासमारीपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशावर राबायला तयार होतो तेव्हा तीही सक्तीच, असं न्यायालयाने म्हटलं. त्याआधी १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने आगाऊ रक्कम आणि वेठ यांचं नातं व्याख्येतच मान्य केलं होतं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९२८ मध्ये, आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं. वतन हा कागदावर हक्क होता. तो घेणारा माणूस त्याच्याच जोरावर गावकीला, सरकारी कामाला, दिवसरात्र बांधलेला राही. देणं आणि बांधणं एकाच हाताने करणारा व्यवहार, हे वतनाचं रूप होतं. उचलीचंही तेच आहे. वतनापासून उचलीपर्यंत जाणारा हा धागा पकडणं म्हणजे सिद्धांत. तो पकडण्यासाठी लागणारी सगळी सामग्री त्या मुलीच्या घरात होती. नव्हती ती समितीत.

यावर माझे काही सहकारी म्हणतात, सिद्धांताने पोट भरत नाही, न्यायालयं आकडे मागतात. ते खरं आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी, म्हणजे तीन अटी, लावली आणि ‘इम्पिरिकल डेटा’, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीतून जमवलेली आकडेवारी, हा शब्द महाराष्ट्रात चहाच्या टपरीवर पोचला. मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला, २०२२ मध्ये ओबीसींच्या आकडेवारीसाठी बांठिया आयोग बसला. डेटा कुणी द्यायचा, केंद्राने की राज्याने, यावर महिनोन्महिने आरोप-प्रत्यारोप झाले. पण मोजायचं काय, हे मोजणीच्या आधी ठरवावं लागतं. मंडल आयोगाचंच बघा. १९८० च्या अहवालात मागासलेपण ठरवायला अकरा निकष होते. चार सामाजिक, प्रत्येकाला तीन गुण. तीन शैक्षणिक, प्रत्येकाला दोन. चार आर्थिक, प्रत्येकाला एक. एकूण बावीस, आणि अकरा किंवा जास्त गुण मिळाले तर तो समाज मागास. सामाजिक निकषाला आर्थिकच्या तिप्पट वजन द्यायचं, हा निर्णय कुठल्या सर्वेक्षणातून निघाला? तो एका विचारातून निघाला: या देशात माणूस आधी हीन ठरवला जातो आणि मग गरीब होतो. २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती झाली, केवळ आर्थिक निकषावर दहा टक्के आरक्षण आलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ते तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवलं. तिथेही आकड्यांआधी न्यायाची व्याख्या बदलली होती. ज्यांच्याकडे व्याख्या करण्याची सवय आणि अधिकार होता, त्यांनी ती बदलली. आकडे गोळा करणारे आकडे गोळा करत राहिले.

मग दलितांवर सिद्धांत फक्त दलितांनीच मांडायचा का? हा प्रश्न टाळता येणार नाही. सरुक्काई यांनी २००७ मध्ये गुरू यांना दिलेल्या उत्तरात जगलेल्या अनुभवाचा एक महत्त्वाचा गुण दाखवला: त्यातून बाहेर पडायची मोकळीक नसते. मी एक आठवडा कोपीत राहून येईन, मला थंडी वाजेल, पण मला सातव्या दिवशी परत यायचं आहे हे मला पहिल्या दिवशी माहीत असतं. तो अनुभव निराळा. इथवर मी गुरू यांच्या बाजूने आहे. पण अनुभव असला म्हणजे सिद्धांत आपोआप येतो असं नाही, आणि नसला म्हणजे तोंड बंद करावं असंही नाही. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी गुरू यांच्या १९९५ च्या टिपणाला १९९८ मध्ये जे उत्तर दिलं ते मला अधिक उपयोगी वाटतं. वेगळेपणाचा नुसता आदर करून बाजूला व्हायचं ही एक पळवाटच आहे. दलितेतर स्त्रीवाद्यांनी दलित स्त्रीच्या भूमीवर उभं राहून स्वतःचा विचार पुन्हा घडवावा, त्यात कमावलेला आवाज काही वेळा गमवावा लागला तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात त्यांनी ते करून दाखवलं. २०१३ मध्ये त्या फार लवकर गेल्या. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, सत्यशोधक चळवळीवर बर्कलेला प्रबंध लिहिला आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात आयुष्य काढलं. त्यांच्या लेखनावर उभं राहून आज कितीतरी मराठी तरुण विचार करतात. जन्माने दार उघडतं किंवा बंद होतं असं मी मानत नाही. मी एवढंच म्हणतो की, खोलीत कोण आहे याचा हिशेब ठेवा.

तो हिशेब कसा बिघडतो, याचं एक उदाहरण पुरे. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने परिपत्रक काढलं की, आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हा एकक धरावा. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालावरून ते निघालं होतं. ‘तेरा बिंदूंची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नामावलीत, म्हणजे कितवी जागा कुणाला हे ठरवणाऱ्या यादीत, ओबीसीसाठी पहिली जागा चौथी, अनुसूचित जातीसाठी सातवी, अनुसूचित जमातीसाठी चौदावी. राज्यशास्त्राच्या विभागात मंजूर पदं बहुतेक ठिकाणी पाच-सहाच. म्हणजे सातवी जागा येणार कधी आणि चौदावी येणार कधी? देशभर आंदोलन झालं, २०१९ मध्ये संसदेने कायदा करून पुन्हा विद्यापीठ हेच एकक केलं. त्या वर्षभरात एका साध्या गणिताने सामाजिक न्याय शिकवणाऱ्या विभागांतून सामाजिक न्यायच बाहेर काढला होता, आणि ते गणित करणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

आपल्या राज्यात आता वेगळंच गणित चालू आहे. सेट-नेट झालेली, पीएच.डी. झालेली मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही उशिरा. सुट्टीतले महिने कोरडे जातात. संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानावर बसावं लागलं, हे आपण गेल्या काही वर्षांत पाहिलं. सिद्धांताला सगळ्यात जास्त लागतो तो निवांत वेळ. वर्षभर एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला, लिहिलेलं फाडायला, चुकायला परवानगी लागते. तीन महाविद्यालयांत तास घेऊन संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर शिकवणाऱ्या मुलाला हा वेळ कोण देणार? ज्याच्या घरी दोन पिढ्यांचं निवृत्तिवेतन आणि पुस्तकांचं कपाट आहे, त्याला तो आपोआप मिळतो. त्याची बुद्धी जास्त असते असं नाही. त्याला चुकायची मुभा असते.

आणि भाषा. गुरू आणि सरुक्काई यांचा सगळा संवाद इंग्रजीत आहे. ज्या मुलांबद्दल तो आहे, त्यांतली बहुसंख्य मराठीतून शिकतात, मराठीतून पेपर लिहितात आणि परीक्षेआधी बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तिका वाचतात. हे उलटं आहे, कारण या विषयातला सिद्धांत मराठीत फार आधी झाला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती मराठीत, आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी जातीची तुलना अटलांटिकपलीकडच्या गुलामीशी केली, स्त्री-शूद्र-अतिशूद्र असा शोषितांचा एक गट विचारात उभा केला. त्यांच्या हातात विद्यापीठाची पदवी नव्हती. धुळ्याच्या शरद पाटलांनी कुठल्याही विद्यापीठाच्या खुर्चीशिवाय, संस्कृत व्याकरण शिकून, दास आणि शूद्र यांच्या गुलामीचा इतिहास मराठीत मांडला. मार्क्सवाद आणि फुले-आंबेडकरवाद यांची सांगड घालताना ते दोन्ही बाजूंशी भांडले. रावसाहेब कसबे यांनी राज्यशास्त्र शिकवत ‘आंबेडकर आणि मार्क्स’ मराठीतच लिहिलं. त्यांच्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका, पण ही माणसं तक्ते भरत नव्हती, संकल्पना घडवत होती. विटाळ, वेठ, बलुतं, वतन, बहिष्कृत हे नुसते शब्द नाहीत, त्यांत राज्यशास्त्र भरलेलं आहे. या शब्दांवर मराठीतून गंभीर लिहिलेला निबंध बढतीच्या गुणांत पुष्कळदा धरला गेला नाही, आणि पैसे भरून कुठेही छापलेला इंग्रजी पेपर धरला गेला, हे आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे.

माझं मागणं मोठं नाही. पीएच.डी.च्या आराखड्यात प्रश्नावलीची सक्ती नसावी. संकल्पनेवरचं काम हे काम मानलं जावं. अधिछात्रवृत्ती महिन्याच्या महिन्याला यावी. मराठीतल्या सैद्धांतिक लेखनाला, तज्ज्ञांनी तपासलेलं असेल तर, इंग्रजीइतकेच गुण मिळावेत. गुरू-सरुक्काई वादासारखं लेखन मराठीत यावं आणि एम.ए.च्या पहिल्या सत्रात लागावं. मंजूर पदं भरली जावीत. यातल्या एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही.

ती मुलगी आता दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. बारा पानांची तिने चाळीस पानं केली आहेत, मराठीतच, आणि १९२८ चं विधेयक मिळवून वाचलं आहे. ‘सर, आता समितीला दाखवायचं नाही, त्यामुळे मोकळं लिहिता आलं,’ असं ती म्हणाली. पुढच्या महिन्यात आमच्या केंद्रावर नवे आराखडे येतील आणि या वेळी मी समितीत आहे. कुणाला तालुका बदलायला सांगायच्या आधी, घरून कुठला शब्द आणला आहेस, हे मी विचारणार आहे.